कोळणीचा उजवा हात

भिंगार, १२ जानेवारी २०२५

प्रिय रोझी,

दादाचा सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचता फाडणार नाहीस, एवढीच आशा. शेवगावचा पत्ता जुन्या डायरीत सापडला, तुझ्या सासूबाईंच्या नावाचा. तू अजून तिथेच आहेस का, तेही मला माहीत नाही. तुझ्या स्टीफनच्या मातीच्या दिवशी तू म्हणालीस, "दादा, आजपासून तू मला मेलास." त्याला दहा वर्षं उलटून गेली. तेव्हापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण काल एक गोष्ट घडली आणि ती सांगावी असं दुसरं माणूस मला नाही.

माझे चिनी मातीचे पुतळे तुला आठवत असतील. तू त्यांना दादाच्या बाहुल्या म्हणायचीस. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत बनलेले, कॅन्टोन्मेंटच्या बंगल्यांतून आणि जुन्या मिशन घरांतून विक्रीला निघालेले. लोक त्यात राजे-राण्या आणि नाचणाऱ्या पऱ्या शोधतात. मला कामाची माणसं आवडायची. बादली घेतलेली धोबीण, जोडे शिवणारा, चाकावर धार लावणारा. वीतभर उंची, पण प्रत्येकाच्या अंगावर त्याचं काम दिसायचं. धार लावणाऱ्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. तो हातात घेऊन स्टीफन म्हणाला होता, "हा आपल्यातला आहे, दादा. संध्याकाळी याचं कंबरडं मोडत असणार."

त्या पुतळ्याचं पाऊल तुटलेलं होतं. स्टीफननंच ते जोडलं. दिवसभर प्रेसच्या मशीनवर लोखंडी पत्रे दाबणारा माणूस, पण हात सोनाराचा. जोड कुठे आहे ते बोटाला लागायचं नाही. आणि काम झालं की पुतळा पालथा करून खालच्या बाजूला बारीक तपकिरी रंगात कंपनीतला आपला नंबर टाकायचा, एक्केचाळीस, आणि पुढे महिना आणि साल. सुप्याच्या कंपनीत प्रत्येक ऑपरेटरला केलेल्या कामाच्या चिठ्ठीवर नंबर टाकावा लागतो. त्याला ती सवयच लागली होती.

काल नूरमहंमदच्या दुकानातून मी एक कोळीण आणली. डोक्यावर टोपली, उजव्या हातानं तिला आधार दिलेला. घरी येऊन भिंगातून पाहिलं तेव्हा उजव्या मनगटाभोवती केसाएवढी रेघ दिसली. हात तुटून पुन्हा जोडलेला. मी ती पालथी केली.

खाली तपकिरी रंगात लिहिलं होतं: ४१. ११/२३.

रोझी, तेव्हा स्टीफनला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आपण ख्रिस्ती माणसं. मेलेला माणूस परत येऊन पुतळे जोडतो यावर माझा विश्वास नाही. पण मी कोळीण टेबलावर ठेवली आणि आत जाऊन साबणानं दोनदा हात धुतले.

त्या दिवशी कंपनीत जे झालं ते झालं. मला जे दिसलं तेच मी जबाबात सांगितलं. ते आता उगाळत नाही. फक्त एवढं कळव, स्टीफनचं रंगाचं सामान तू कुणाला दिलंस?

तुझा दादा,
प्रभुदास


भिंगार, २७ जानेवारी २०२५

प्रिय रोझी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

पुतळे आता साठाच्या वर गेलेत. स्टीफन गेल्यावर मी थांबायला हवं होतं, उलट वाढतच गेलं. कुठे कामाचा माणूस दिसला की घ्यायचा. पाववाला, लाकूडतोड्या, दूधवाली. कुणी विचारलं तर छंद म्हणून सांगतो. तुझी वहिनी विचारत नाही. करुणा त्या खोलीत झाडायलासुद्धा जात नाही.

दुपारी जेवून मी तिथे बसतो. लाईट गेले की पंखा थांबतो आणि घर एकदम गप्प होतं. त्या वेळी मला प्रेसचा ठोका ऐकू येतो. धप्प. मध्ये एका श्वासाएवढी जागा. पुन्हा धप्प. सुपा इथून तीस-पस्तीस किलोमीटर. आवाज येणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी मी खुर्चीचे हात धरून पुढच्या ठोक्याची वाट बघत बसतो.

कोळीण आल्यापासून आणखी एक झालंय. सगळे काचेतून माझ्याकडे बघतायत असं वाटायला लागलं, म्हणून मी सगळ्यांची तोंडं भिंतीकडे फिरवली. दुसऱ्या दिवशी जेवून खोलीत गेलो तर तिघं माझ्याकडे वळलेले. करुणाला विचारलं.

"मी तिथे पाय ठेवत नाही, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हीच फिरवले असतील."

मीच फिरवले असतील. मला आठवत नाही, याचीच भीती वाटते.

शेवटी कोळीण पिशवीत घालून नूरमहंमदकडे गेलो. तो आता सत्तरीचा आहे, पण दुकानात अजून स्वतः बसतो. मी कोळीण त्याच्यापुढे पालथी ठेवली.

"हे कुणी लिहिलं?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "प्रभुदासभाई, घेतलीस ना वस्तू? मग झालं."

"नूरमहंमद, हा माझ्या मेहुण्याचा नंबर आहे. तू त्याला ओळखत होतास. त्याच्या मातीला आला होतास."

"आलो होतो." त्यानं चष्मा परत लावला. "तुटलेला माल मी बेलापूरला देतो. महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन आणतो. ज्या बाईच्या घरी देतो तिनं मला शपथ घातली आहे, भिंगारच्या माणसाला माझा पत्ता सांगायचा नाही म्हणून. आतापर्यंत मी तिचं काम तुला कधी विकलं नव्हतं. ही कोळीण माझ्या सुनेनं काढून दिली तुला. मी त्या वेळी नमाजाला गेलो होतो."

"कोण बाई?"

"आता मला का विचारतोस?" तो म्हणाला. "तुझ्या तोंडावर लिहिलंय की तुला कळलंय."

म्हणजे तू बेलापूरला आहेस. हे पत्र मात्र मी शेवगावच्याच पत्त्यावर टाकतोय. बेलापूर लिहायला हात धजत नाही.

प्रभुदास


भिंगार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय रोझी,

हे पत्र बेलापूरच्या पत्त्यावर येईल. मी तुझ्या घरी येऊन गेलो. शुक्रवारी, तू अंगणवाडीत कामाला गेली होतीस तेव्हा. बेलापूरच्या स्टँडवर तुझं नाव विचारलं, तर घरही कळलं आणि तुझ्या कामाची वेळही. तू घरी नसतेस ती वेळ बघूनच आलो, हे आधी सांगतो.

रिकाम्या हातानं यायची हिंमत नव्हती. दुरुस्तीचं काही घेऊन गेलो तर दारात उभं राहता येईल, असं ठरवलं. पण माझ्याकडे तुटलेलं काही नव्हतं. म्हणून पाववाल्याचा हात मी स्वतः मोडला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा डोळे मिटून फडक्यात धरून जोर लावला. त्याचा जो आवाज आला तो अजून माझ्या दातांत आहे.

तुझ्या जास्मिननं दार उघडलं. सात वर्षांची होती तेव्हा पाहिलेली. मी म्हणालो, की नूरमहंमदनं पाठवलं, नगरहून आलोय, माझं नाव शिंदे. माझी मिशी आता नाही, केस पिकलेत, अंगही उतरलंय. तिनं आत घेतलं, पाणी दिलं.

खिडकीखाली टेबल होतं. त्यावर स्टीफनची लाकडी पेटी होती. त्याचे ब्रश, त्याचा काचकागद, सगळं जिथल्या तिथे. मला बसायला तिनं टेबलाजवळचीच खुर्ची दिली.

पाववाला उजेडात धरून तिनं मोडलेली कड बघितली. "हा कसा तुटला?"

"पडला. कामवालीच्या हातून."

"पडल्यावर कडा चुरतात, काका. ही सरळ तुटली आहे. कुणीतरी हातानं मोडलाय."

मी पाण्याचा पेला उचलला.

"असू दे," ती म्हणाली. "जोडता येईल."

ती श्रीरामपूरला कॉलेजला जाते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, कॉलेज नसलं की हे काम करते, हे तिनंच सांगितलं. काम कुठे शिकलीस, असं मी विचारलं.

"पप्पांकडून थोडं. मी मांडीवर बसून बघायचे. बाकीचं त्यांनी जोडलेल्या वस्तू पुन्हा उघडून."

"आणि हा एक्केचाळीस नंबर?"

"पप्पांचा होता. ते गेल्यावर कंपनीनं तो दुसऱ्या माणसाला दिला. मम्मीला कुणीतरी सांगितलं, एक्केचाळीस नंबरवर आता नवीन मुलगा आहे. मम्मी दोन दिवस जेवली नाही. मग मी म्हटलं, कंपनीला ठेवू दे तिचा नंबर. आपला आपल्याकडे."

बोलताना तिचे हात थांबले नव्हते. डिंक कालवत होती, स्टीफनसारखी, काडीच्या मागच्या टोकानं.

"वडील कशानं गेले?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. कदाचित तिच्या तोंडून काही वेगळंच ऐकायला मिळेल असं वाटलं असेल.

"मशीनमध्ये हात गेला. कागदावर लिहिलंय की प्यायलेले होते." तिनं वर पाहिलं. "शाळेत मुलं मला बाटली म्हणायची. शेवगावच्या शाळेत. पाचवीपर्यंत."

मी उठलो. चार दिवसांनी येतो म्हणालो. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "नाव काय म्हणालात? शिंदे ना?"

"हो."

"ठीक आहे, शिंदे काका."

बेलापूरच्या स्टँडवर मी दोन गाड्या जाऊ दिल्या.

प्रभुदास


भिंगार, २३ फेब्रुवारी २०२५

रोझी,

आता जे लिहितोय ते मी करुणालाही कधी सांगितलं नाही, जरी ते तिनं ओळखलंय असं मला नेहमी वाटतं.

१९ ऑगस्ट २०१४. सकाळपासून स्टीफनच्या प्रेसचा सेन्सर बिघडला होता. माणसाचा हात मध्ये आला की मशीन जागेवर थांबवणारा तो सेन्सर. त्या दिवशी हात नसतानाही दर पाच-दहा ठोक्यांनी तो मशीन बंद पाडत होता. माल संध्याकाळी जायचा होता. वरून दर अर्ध्या तासाला फोन येत होता आणि शिफ्टचा इन्चार्ज मी होतो. सेन्सर बंद करायची किल्ली फक्त माझ्याकडे असायची. बाराच्या सुमारास मी ती फिरवली.

स्टीफन म्हणाला, "दादा, सेन्सर नसताना नको."

मी म्हणालो, "दोन तास काढ. माझ्यासाठी काढ."

माझ्यासाठी म्हणालो म्हणून त्यानं काढले.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी दुसऱ्या टोकाला होतो. किंकाळी मी ऐकली नाही. ठोक्याचा आवाज वेगळा आला, ओला आला. मी धावलो. उजवा हात खांद्याच्या खालपर्यंत आत होता. तो शुद्धीवर होता आणि माझ्याकडे बघत होता.

रोझी, मी आधी त्याच्याकडे गेलो नाही. मी आधी रक्त उडालेल्या पॅनेलकडे गेलो. खिशातून किल्ली काढली, सेन्सर चालू केला, किल्ली परत खिशात टाकली. मग त्याच्याकडे गेलो. दहा सेकंद लागली असतील. तेवढा वेळ तो माझ्या हाताकडे बघत होता. त्याला कळलं होतं मी काय करतोय. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि नगरला पोचेपर्यंत उघडले नाहीत.

संध्याकाळी केबिनमध्ये जबाब तयार झाला. सेन्सर तर चालू सापडला होता, मग हात आत गेला कसा? साहेब म्हणाले, सेन्सर चुकवून बाजूनं हात घातला असेल, माणूस शुद्धीत नसेल. कुणीतरी म्हणालं, वास येत होता का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा मेहुणा. मी म्हटलं की खरंच वाटणार. मी म्हणालो, "येत होता." सही केली. ज्यानं आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल.

वर्षभरानं मला बढती मिळाली. पुढे आमच्या रुबेनला तिथेच नोकरी लागली.

पुतळ्यांचं विचारशील तर एवढंच सांगतो. काम करणारा कुठलाही माणूस, मातीचा का असेना, दुकानात एकटा उभा दिसला की मला त्याला तिथे सोडून येववत नाही. घरी आणतो आणि मग त्याच्याकडे बघायची भीती वाटते.

माफी मागत नाही. ती कशी मागतात ते मला कळत नाही. खरं काय ते तुझ्याकडे माझ्या अक्षरात असावं, म्हणून लिहिलं. हे पत्र तू कुणालाही दाखव.

प्रभुदास


भिंगार, २४ मार्च २०२५

प्रिय रोझी,

चार दिवसांनी येतो म्हणून जास्मिनला सांगितलं होतं, गेलो नाही. तिच्यापुढे पुन्हा शिंदे म्हणून बसणं जमलं नसतं.

आधी वकिलाकडे जाऊन सगळं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आणि तो कागद सरकारी कचेरीत नेला. जुनं प्रकरण आहे, फाईल शोधावी लागेल, म्हणाले. पण कागद घेतला, शिक्का मारून पोच दिली. पुढे माझ्यावर काय व्हायचं ते होईल.

नंतर रुबेनला सांगितलं. तो सात वर्षं कंपनीतल्या त्याच शॉपमध्ये काम करतोय. सगळं ऐकून तो म्हणाला, "पप्पा, त्या प्रेससमोरून मी रोज जातो. मला का नाही सांगितलंत?" दुसऱ्या दिवशी डबा न घेता गेला आणि दुपारीच राजीनामा देऊन परत आला. आता पुण्याला मित्राकडे आहे. माझा फोन घेत नाही. करुणाशी बोलतो.

काल रविवारी उपासना संपल्यावर पाळकांना विचारून मी पुढे उभा राहिलो. तुला आठवत असेल, स्टीफनच्या मातीनंतर याच बाकांवर बायका कुजबुजायच्या आणि तू मागून उठून जायचीस. मी काय केलं ते सांगितलं. किल्लीचंही सांगितलं. बाहेर पडताना दोघा-तिघांनी माझा हात हातात घेतला, बाकीचे दुसऱ्या दारानं गेले.

करुणा घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. कुलूप काढताना म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या शर्टाच्या खिशाला रक्त लागलं होतं. छातीला, बाह्यांना तर होतंच, पण खिशाच्या आतही. मी धुताना विचार केला होता, या माणसानं रक्ताचा हात खिशात कशाला घातला असेल?" मग ती आत गेली आणि कुकर लावला.

ठोका अजून येतो. खोटं कशाला सांगू?

प्रभुदास


बेलापूर, २ एप्रिल २०२५

दादा,

तुझी समदी पत्रं मिळाली. शेवगावची दोन पोस्टमननं इकडं धाडली. मी ती उघडली न्हवती, पिठाच्या डब्याखाली ठिवली हुती. जास्मिननं वाचली, मग मला वाचून दावली.

जास्मिननं तुला दारातच वळखलं हुतं. चपला काढताना तू भिताडाला कपाळ टेकतोस, ते तिच्या ध्यानात ऱ्हायलं हुतं. तिला जे बोलायचं हुतं ते ती तुला वळखूनच बोलली. ती बाटलीची गोष्ट तिनं मला बी कधी सांगितली न्हवती.

आन दुसरं. मला ठाव हुतं. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत ह्यांचा फोन आल्ता. म्हनले, सेन्सर बंद हाय, दादा म्हनतोय दोन तास काढ, मला बरं वाटंना. मी काय म्हनले ठाव हाय का? मी म्हनले, दादा हाय ना तिथं, मग कशाला भिता? माझ्या भरवशावर ते परत मशीनवर गेले. तू दहा वर्सं किल्ली धरून बसलास, मी हे धरून बसले. आज तुला लिवते, दुसऱ्या कुनाला न्हाई.

मी सासूबाईला खरं सांगितलं हुतं. गोजरबाई मला म्हनली, "तुझा सख्खा भाऊ तुझ्या नवऱ्याबद्दल खोटं कशाला बोलंल?" तिचा मालक दारूपायी गेल्ता. ह्यांनी लहानपनी तिच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली हुती, कधी शिवनार न्हाई म्हनून. तिला वाटतंय पोरानं शपथ मोडली. मातीच्या दिवशी आली ती आली, त्यानंतर एकदा बी कबरीकडं गेली न्हाई. कबरस्थान तिच्या घरापासून हाकेवर हाय. म्हनून मी शेवगाव सोडलं. तिच्या शेजारी जेवायला बसवंना.

तू चर्चमधी सांगितलंस ते बरं केलंस. पन ते लोक घरी जाऊन जेवले आन झोपले. जिला सांगायला पायजे तिला अजून कुनी सांगितलं न्हाई. ती ऐंशीच्या पुढं हाय, डोळ्यांनी अंधूक दिसतंय. तू जा. एकटा जा. मी संगं येनार न्हाई.

माफीचं मला इचारू नकोस. माझं मलाच ठाव न्हाई.

रोझी


शेवगाव, ११ एप्रिल २०२५

प्रिय रोझी,

सकाळी दहाला पोचलो. गोजरबाई ओट्यावर सावलीत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "बस. रोझीचा भाऊ. तूच खरं बोललास त्या टायमाला." मला तिथेच जमिनीनं गिळलं असतं तर बरं, असं वाटलं.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्यांदा सांग." मी पुन्हा सांगितलं.

"किल्ली कुठं हुती?"

"माझ्या खिशात."

"आन तो बगत हुता?"

"बघत होता."

"त्यानं पिली न्हवती?"

"नाही. कधीच नाही."

"माझ्याकडं तोंड करून सांग."

मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं. त्यांना माझा चेहरा दिसत नसावा, पण त्यांनी हात पुढे करून माझ्या गालावर, तोंडावर फिरवला, जसं काही मी बोलतोय की दुसरंच कुणी ते तपासत होत्या. मग हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"मला तिकडं जायचंय," म्हणाल्या.

मी उठवायला हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. भिंतीला धरून उठल्या, काठी घेतली आणि त्या उन्हात निघाल्या. मी चार पावलं मागून चालत होतो. कबरस्थानाच्या फाटकाशी थांबून म्हणाल्या, "तू हितंच थांब. आत येऊ नको."

आत गेल्यावर त्यांना कळेना कुठं जायचं. स्टीफनला मातीत ठेवलं त्या दिवशी तिथं नुसता मातीचा ढीग होता. त्यानंतर त्या आल्याच नव्हत्या. काठीनं एकेक दगड चाचपत त्या ओळीच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"कंची?" त्यांनी वळून ओरडून विचारलं.

"डाव्या हाताला," मी फाटकातून ओरडलो. "बाभळीच्या अलीकडे."

त्या दुसऱ्याच कुणाच्या कबरीपाशी वाकल्या.

"ती नाही, आई. अजून एक पुढे."

त्या पुढे झाल्या. हातानं दगड चाचपला, वरची पानं झाडली आणि मांडी घालून बसल्या. पहिलं वाक्य मला ऐकू आलं. म्हणाल्या, "मला सांगायचं न्हाई व्हय रे?" पुढचं ऐकू आलं नाही. वारा होता आणि त्यांचा आवाज खाली गेला होता.

आता दोन वाजलेत. शेजारच्या घरातून पाण्याचा तांब्या मागून आणला आणि फाटकाच्या आत, हात पोचेल तेवढ्या अंतरावर ठेवला. त्यांनी तो नेला नाही. हे पत्र मी बाहेरच्या दगडावर बसून लिहितोय. रोझी, त्या अजून त्याच्याशी बोलतायत.

प्रभुदास